ओसरीवरून : दंष्ट्री प्राण्याचा धनी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला आणि तो अद्याप मिटलेला नाहीं. आमचा धाकटा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो व शनिवारीं-रविवारीं साताऱ्यास घरीं येतो. अशाच एका शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें खिशांतून मोबाइल काढला आणि सर्वांस एक चित्र दाखविलें. काळ्याभोर मखमली अंगाचें, भिंवयांवर दोन तांबूस ठिपके असलेलें एक गुबगुबीत पिलूं चित्रांत बसलें होतें. पिलाचें वय सहा आठवडे, जात रॉटवायलर, आणि पुण्याच्या कोणा विक्रेत्यास आगाऊ रक्कमहि देऊन झालेली! पुढच्याच रविवारीं पिलूं घेऊन जा, असा त्या विक्रेत्याचा तगादा होता. आमच्या वहिनींस, म्हणजे पुतण्याच्या मातोश्रींस, चित्र पाहतांच पाझर फुटला. आमची नात अडीच वर्षांची आहे. ती चित्राला हात लावून "भूभू, भूभू" म्हणत नाचूं लागली. आमच्या चिरंजीवांचें मत अर्धें इकडे, अर्धें तिकडे. एकट्या सूनबाई मात्र कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं मुलीस उचलून कडेवर घेतलें, एवढेंच. त्यांचें तें न बोलणें आम्हांस फार बोलकें वाटलें, आणि ह्या महिन्याचा आमचा विषय तेथेंच ठरला.

प्रश्न असा : कुत्र्यांच्या कांहीं जाति मुळांतच इतक्या घातक असतात काय, कीं गृहस्थानें त्या घरांत पाळूंच नयेत? पुतण्यास हा प्रश्न विचारतांच तो हंसून म्हणाला, "काका, त्याचा निकाल न्यायालयानें केव्हांच लावला आहे." हें अर्धेंच खरें आहे, म्हणून आधीं ती हकीकत सांगतों.

जुलै २०२२ मध्यें लखनौ येथें एका वृद्ध बाईंचा त्यांच्या घरच्याच पिटबुल कुत्र्यानें प्राण घेतला. त्याच वर्षीं गाझियाबादच्या महानगरपालिकेनें पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो ह्या तीन जाति पाळण्यास मनाई केली. पुढें हें प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोंचलें; त्यानें सरकारास काय तो निर्णय करण्यास सांगितलें; आणि १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें सर्व राज्यांस एक पत्र धाडलें. तेवीस जातींचीं कुत्रीं मनुष्याच्या जीवितास घातक आहेत, त्यांच्या विक्रीस, पैदाशीस व पाळण्यास परवाने देऊं नयेत, आणि ज्यांच्या घरीं तीं आधींच आहेत त्यांनीं त्यांची नसबंदी करवावी, असा त्याचा आशय होता. कुत्रीं बाळगणारांनीं जागोजाग न्यायालयांत धांव घेतली. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें १० एप्रिल २०२४ रोजीं तें पत्र रद्द केलें, आणि १६ एप्रिल रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढेंहि त्याची तीच गत झाली. ज्यांच्यावर ह्या हुकुमाचा परिणाम व्हावयाचा त्यांचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें नव्हतें, हा त्यांतील मुख्य दोष. म्हणजे पत्र पडलें तें प्रामुख्यानें रीत चुकली म्हणून. त्यावरून रॉटवायलर ही गरीब गाय ठरली असें कोणी समजूं नये. पत्र रद्द झालें एप्रिलांत, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत गोव्यांत हणजूण भागांत एक लहान मुलगा पिटबुलच्या हल्ल्यांत दगावला. न्यायालयाचा निकाल कुत्र्यांस वाचतां येत नाहीं.

तें पत्र आम्हीं चष्मा पुसून दोनदां वाचलें. पस्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या डोळ्यांस कांहीं गोष्टी खटकल्यावांचून राहत नाहींत. तोसा ही जपानी जात यादींत दोन ठिकाणीं आली आहे. 'टेरियर' असा मोघम शब्द एका जागीं घातला आहे; परंतु टेरियर ही एक जात नव्हे, तें मोठें कुल आहे, आणि मांडीवर मावणारें, रेशमी केंसांचें यॉर्कशायर टेरियरहि त्याच कुलांतलें. पाणिनीनें श्वन्, युवन् आणि मघवन् ह्या तीन शब्दांस एका सूत्रांत गोविलें, तेव्हां कुत्रा, तरुण आणि प्रत्यक्ष देवेंद्र ह्यांस एकाच दोऱ्यांत ओंवल्याबद्दल पंडितांनीं त्याची पुष्कळ थट्टा केली. पण पाणिनीपाशीं निदान सबळ कारण होतें. त्या तिन्ही शब्दांचीं रूपें एका रीतीनें चालतात. (कुत्रा आणि तरुण एका सूत्रांत कां, हें मात्र पुतण्याच्या मुद्रेकडे पाहून आम्हांस त्या रात्रीं नव्यानें उमगलें.) यादी करणाऱ्यापाशीं असें कांहीं कारण दिसत नाहीं.

त्याच यादींत अकिता ही जातहि आहे. टोकियो शहरांतील शिबुया स्थानकावर आपल्या धन्याची वाट पाहणारें हाचिको नांवाचें कुत्रें ह्याच जातीचें. धनी १९२५ सालीं वारला आणि हाचिको १९३५ सालीं मरेपर्यंत त्या स्थानकावर येत राहिलें. तो धनी पेशानें प्राध्यापक होता हें आम्हां शिक्षकवर्गास विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सेवानिवृत्तीनंतर आमची वाट पाहणारें कोणी स्थानकावर आजवर आढळलेलें नाहीं.

परंतु यादी गबाळी निघाली म्हणजे जातीला अर्थच नाहीं, असें पुतण्याप्रमाणें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. कुत्र्यांच्या ह्या जाति ब्रह्मदेवानें घडविलेल्या नव्हेत. माणसानें आपापल्या कामासाठीं, पिढ्यान् पिढ्या जोड्या निवडून त्या घडविल्या. इंग्लंडांत बांधलेल्या बैलावर कुत्रीं सोडण्याचा एक क्रूर खेळ असे. बैलाच्या नाकास धरून न सोडणारें, मार खाऊनहि मागें न हटणारें कुत्रें त्यास हवें असे. १८३५ सालीं पार्लमेंटनें कायदा करून तो खेळ बंद केला. तेव्हां शौकीन लोकांनीं त्याच बुलडॉग कुत्र्यांचा चपळ टेरियरांशीं संकर करून कुत्र्याशीं कुत्रें झुंजविण्याचा धंदा चोरून सुरू केला. आजचें पिटबुल हें त्या वंशांतलें. जर्मनींत आपोल्डा गांवीं डोबरमान नांवाचा एक कर वसूल करणारा कामगार होता. पैशांची पिशवी घेऊन गल्लीबोळांतून हिंडतांना सोबतीस धाक बसविणारें कुत्रें असावें म्हणून त्यानें एक जात तयार केली आणि तिला त्याचेंच नांव मिळालें. रॉटवायलर हें दक्षिण जर्मनींतील रॉटवाइल गांवच्या खाटकांचें कुत्रें. गुरें हांकावीं, मांसाची गाडी ओढावी, हें त्याचें काम. तुर्कस्तानांतील कांगाल हें मेंढ्यांच्या कळपाबरोबर राहून लांडग्यास सामोरें जाणारें. त्याच देशांतलीं राखणीचीं कुत्रीं आफ्रिकेंत नामिबियांत नेऊन शेळ्यामेंढ्यांच्या कळपांत ठेवलीं, आणि त्यामुळें चित्त्यांचेंहि भलें झालें. कारण कळप सुरक्षित राहिल्यावर शेतकऱ्यांस चित्त्यांवर गोळी झाडण्याचें कारण उरलें नाहीं. तेंच कांगाल चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत कोंडलें म्हणजे तेथें लांडगा कोठून यावयाचा? मग दूधवाला लांडगा होतो, आणि शेजारचें मूल कोल्हा होतें.

आतां शास्त्रज्ञ काय म्हणतात तें पाहूं. अमेरिकेंतील संशोधकांनीं एप्रिल २०२२ मध्यें 'सायन्स' ह्या नियतकालिकांत एक मोठें संशोधन प्रसिद्ध केलें. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांस प्रश्न विचारून, आणि दोन हजारांवर कुत्र्यांचें आनुवंशिक द्रव्य तपासून त्यांनीं असें काढलें कीं, दोन कुत्र्यांच्या वागण्यांत जो फरक दिसतो त्याचा सुमारें नऊ टक्केच भाग जातीवरून सांगतां येतो. डिंवचलें असतां कुत्रें किती लवकर चिडतें, ह्या बाबतींत तर जातीचा उपयोग फारच थोडा. हें वाचून पुतण्यास मोठा हर्ष झाला. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि थोडें ओशाळल्यासारखें झालें. जन्मावरून गुणदोष ठरविण्याचा आम्हां लोकांस जुना नाद आहे, आणि तो माणसांच्या बाबतींत सुटतां सुटतां कुत्र्यांवर जाऊन बसला असला तर नवल नाहीं.

पण त्याच अमेरिकेंत १९७९ पासून १९९८ पर्यंतच्या वीस वर्षांत कुत्र्यांच्या चाव्यानें झालेल्या मृत्यूंची जी मोजदाद झाली, तींत २३८ मृत्यूंमध्यें निदान पंचवीस जातींच्या कुत्र्यांचा हात, किंवा दांत म्हणा, आढळला. आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल वळणाचीं कुत्रीं व रॉटवायलर होतीं. हेंहि आम्हीं पुतण्यास वाचून दाखविलें. ही मोजदाद करणारांनींच पुढें बजावलें आहे कीं, एवढ्यावरून जातीजातींवर कायदे करणें सोपें नाहीं. कुत्र्याची जात नुसत्या डोळ्यांनीं ओळखण्यांतच चुका होतात, आणि कोणत्या जातीचीं एकंदर कुत्रीं किती आहेत ह्याचाहि नीट हिशेब नसतो. तरीहि निम्म्याहून अधिक, हा आंकडा डोळ्यांआड करण्याजोगा नाहीं.

दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या कशा? आम्हीं ह्यावर पुष्कळ विचार केला. आमच्या मतें घोटाळा होतो तो स्वभाव आणि सामर्थ्य ह्या दोन गोष्टी एकांत कालविल्यामुळें. घरोघरचें पांढरें पॉमेरेनियन दिवसांतून दहा वेळां अंगावर धांवतें, पाहुण्यांच्या पोटऱ्यांस दांत लावतें, आणि लोक हंसतात. तेवढाच राग, तेवढीच भीति, तेवढीच गैरसमजूत पन्नास किलो वजनाच्या आणि पकडलेलें न सोडणाऱ्या कुत्र्यास झाली, तर हंसण्यास कोणी उरत नाहीं. जबड्यास कुलूप बसतें वगैरे गोष्टी बाजारगप्पा आहेत. तसें कांहीं कुलूप शरीरशास्त्रांत नाहीं. पण धरून ठेवून झटके देण्याची लकब आहे, आणि अंगांत बळ आहे. जात पाहून कुत्रें चावेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. चावलें तर काय होईल, हें बरेंचसें सांगतां येतें. राग येणें हें कोणत्याहि कुत्र्यास शक्य आहे. धन्याची एक चूक किती महाग पडावी, एवढें मात्र जातीनें ठरतें.

इंग्लंडनें ह्या प्रश्नाशीं तीस वर्षांवर झुंज घेतली आहे. १९९१ सालच्या कायद्यानें तेथें पिटबुल, तोसा, डोगो अर्जेंटिनो व फिला ब्रासिलेरो ह्या चार तऱ्हांवर बंदी आली. कुत्रीं पाळणारांनीं काय केलें? बंदी नसलेल्या नांवाखालीं तसलेंच अवजड कुत्रें पैदा केलें. त्या एक्सएल बुली नांवाच्या धुडानें माणसें मारण्यास सुरुवात केल्यावर २०२३ च्या अखेरीस त्याच्या पैदाशीवर व विक्रीवर, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून दाखल्याशिवाय तें बाळगण्यावर, इंग्लंड-वेल्समध्यें बंदी घालावी लागली. दाखला मिळालेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली पाहिजे, विमा उतरलेला पाहिजे, आणि रस्त्यावर त्याच्या तोंडास जाळी व गळ्यांत पट्टा पाहिजे. हॉलंडनें १९९३ सालीं पिटबुलवर बंदी घातली आणि २००८ सालीं ती उठविली. इटलीनेंहि २००९ सालीं आपली जातींची यादी गुंडाळून ठेवून धन्याच्या जबाबदारीवर भर दिला. यादी करणारा नेहमीं एक पाऊल मागें राहतो, हेंच ह्यावरून दिसतें. नांव बदलण्यास पैदास करणाऱ्यास एक दिवस पुरतो.

धन्याची जबाबदारी ही कल्पना इटलीकडून उसनी आणण्याचें आपणांस कारण नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत व्यवहाराध्यायांत दंष्ट्री आणि शृंगी, म्हणजे दाढांच्या आणि शिंगांच्या, प्राण्यांविषयीं स्पष्ट नियम आहे. असा प्राणी कोणावर धांवून गेला असतां, सोडविण्याची शक्ति असूनहि जो धनी सोडवीत नाहीं, त्यास प्रथम साहसाचा दंड. आणि संकटांतील माणूस ओरडत असतांहि सोडवीत नाहीं, त्यास त्याच्या दुप्पट. कुत्रें कोणत्या जातीचें, बैल कोणत्या खोंडाचा, हें स्मृतिकार विचारीत नाहीं. तो विचारतो, धनी कोठें होता? आणि त्याच्या अंगीं शक्ति होती काय? आजच्या भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलमहि त्याच वळणाचें आहे. आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून दुसऱ्याच्या जीवितास धोका किंवा जबर दुखापत होऊं नये म्हणून जो पुरेशी काळजी घेत नाहीं, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या १८६० च्या दंडविधानांत हाच दंड एक हजार होता.

"सोडविण्याची शक्ति असूनहि" हे शब्द आमच्या मनांत घोळत होते, तोंच पुतण्यानें आमच्यावर आमचेंच अस्त्र सोडलें. "काका, सरमेची गोष्ट तुम्हींच ना आम्हांस लहानपणीं सांगितलीत? जनमेजयाच्या सत्रांत तिचें पोर आलें, त्यानें हवीकडे पाहिलें नाहीं, जीभ लावली नाहीं, तरी त्याच्या भावांनीं त्याला झोडपलें. कुत्रें म्हणून झोडपलें. अपराध नसतां मारलेंत म्हणून अकल्पित भय तुमच्यावर येईल, असा तिनें शाप दिला. मग ह्या पिलानें तुमचें काय केलें आहे?"

आम्ही निरुत्तर झालों हें कबूल केलें पाहिजे. महाभारताच्या आरंभीं एक कुत्रें मार खाऊन रडत जातें, आणि अखेरीस एक कुत्रें धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत जातें. पुतण्याचा प्रश्न पहिल्या कुत्र्याचा होता. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं ती सरमेच्या पोरामुळें नव्हे. मोत्यामुळें.

मोत्या हा आमचा कुत्रा. गोष्ट १९८८ सालची. जात विचाराल तर गांवठी. पांढऱ्यावर तपकिरी ठिगळें, एक कान पडका. आमच्या सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत कुत्र्यास ओसरीच्या आंत येण्याची मुभा नव्हती, म्हणून तो मागच्या अंगणांत पेरूच्या झाडास सांखळीनें बांधलेला असे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. स्वभाव गरीब. एकच खोड होती : खातांना जवळ कोणी गेलें कीं गुरगुरत असे. आम्ही तेव्हां नुकतेच शाळेंत कायम झालों होतों, शिस्तीचा मोठा अभिमान होता, आणि हातीं छडी होती. जी विद्या वर्गांत चालते ती अंगणांतहि चालेल असें समजून, मोत्या गुरगुरला कीं आम्ही त्यास छडी मारीत असूं. दोन महिन्यांत मोत्या गुरगुरेनासा झाला. आम्हीं तें चारचौघांत अभिमानानें सांगितलेंहि.

संध्याकाळीं ओसरीवर शिकवणीस मुलें येत. एके दिवशीं शिकवणी सुटल्यावर आठ वर्षांच्या एका मुलाचा चेंडू मागच्या अंगणांत गेला. मोत्यापुढें नुकतीच भाकरी पडली होती. मूल चेंडूसाठीं वांकलें. मोत्या गुरगुरला नाहीं. गुरगुरूं नये असें आम्हींच त्यास शिकविलें होतें. तो सरळ चावला. डोळ्याच्या खालीं गालावर सात टांके पडले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें पोटांत टोंचून घेण्याची ती जीवघेणी माळ त्या कोंवळ्या पोरास सहन करावी लागली. मुलाचे वडील दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे आले. त्यांनीं वावगा शब्द काढला नाहीं. काढला असता तर बरें झालें असतें. मोत्यास दहा दिवस नजरेखालीं ठेवलें, तो धडधाकट राहिला, म्हणजे पिसाळलेला नव्हता हें ठरलें, आणि अकराव्या दिवशीं आमच्या तीर्थरूपांनीं त्यास गाडींत घालून नदीपलीकडे दूर नेऊन सोडलें. तो परत आला नाहीं. औषधपाण्याचा खर्च आम्हीं भरला. शिक्षा मोत्यास झाली, टांके त्या मुलास पडले, आणि छडी आमच्या हातांत तशीच राहिली. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. रस्त्यांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि तो वर पाहतो तेव्हां आमची नजर कोठें जाते हें त्यासहि ठाऊक असावें.

मोत्याचें नांव कोणत्याहि सरकारी यादींत आलें नसतें. त्याच जागीं, त्याच चुकीला, रॉटवायलर असता तर? हा विचार आम्हीं गेल्या महिन्यापर्यंत कधीं केला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं आम्हीं ही गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली. पुतण्यास ती ठाऊक नव्हती. मग त्यास म्हटलें, "बाबा, पिलानें कांहींच केलेलें नाहीं. त्याच्यावर आमचा आरोप नाहीं. आमचा आरोप ह्या घरावर आहे. पूर्ण वाढलेला रॉटवायलर नर पन्नास किलोंच्या वर भरतो. आमचें वजन अठ्ठावन्न, तुझ्या वडिलांचें पासष्ट, आणि त्यांचे गुडघे तूं जाणतोसच. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तूं पुण्यास. ह्या पांच दिवसांत त्याची सांखळी कोणी धरावयाची? सकाळ-संध्याकाळ त्यास कोणी फिरवावयाचें? पहिल्या तीन-चार महिन्यांत त्यास माणसें, मुलें, वाहनें, शेजारी, भाजीवाली, सर्वांची ओळख करून द्यावी लागते, त्यावर त्याचा पुढचा स्वभाव पुष्कळसा अवलंबून. तें काम कोणाचें? आणि तो कोणावर धांवला, तर त्यास सोडविण्याची शक्ति आमच्यांत कोणाच्या अंगीं आहे?"

वहिनींनीं मध्येंच विचारलें, "भावजी, आतां घरोघर एवढालीं कुत्रीं दिसतात, तीं काय सगळीं चावतात?" नाहीं, बहुतेक चावत नाहींत. बहुतेक धनी सुदैवी असतात, आणि कांहीं खरोखरच लायक असतात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्याकडे अल्सेशियन आहे. ते पहांटे पांचास उठून त्यास चार मैल चालवितात, स्वतःच्या हातानें खाऊं घालतात, आणि घरीं नातवंडें आलीं कीं स्वतः त्यांच्यामध्यें बसतात. त्या कुत्र्यास कोणत्याहि यादींत घालण्याची आमची इच्छा नाहीं. सरकारास यादी करावयाचीच असेल तर ती धन्यांची करावी. पालिकेच्या परवान्यावर कुत्र्याची लस, नोंद व दाखला विचारतात, तसें घरांत दिवसा कोण असतें हेंहि विचारावें. पैदास करणारांवरहि नजर हवी. त्यांच्यासाठीं २०१७ चे नियम आहेत. नोंदणी पाहिजे, आणि आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिलूं विकतां येत नाहीं. पुतण्याचा विक्रेता मात्र सातव्या आठवड्यांतच पिलूं घेऊन जा म्हणत होता! आईपासून लवकर तोडलेल्या पिलास दांत किती जोरानें लावावा, हें भावंडांत खेळून शिकण्यास वेळच मिळत नाहीं.

ज्यांच्या घरीं कुत्रें आहे, मग तें गांवठी असो, पॉमेरेनियन असो कीं मॅस्टिफ, त्या वाचकांस मोत्याच्या वतीनें दोन शब्द सांगूं द्या. कुत्रें गुरगुरलें तर त्यास मारूं नका. तें सभ्यपणें तुम्हांस दूर व्हावयास सांगत आहे. तें खात असतां, झोंपलें असतां, पिलांजवळ असतां मुलांस जवळ जाऊं देऊं नका. लहान मूल आणि कुत्रें ह्यांस खोलींत दोघेंच ठेवून क्षणभरहि उठूं नका, आणि "आमचा कांहीं करीत नाहीं" हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं जीभ आंवरा. दिवसभर सांखळीस बांधूं नका. आणि इतकें करूनहि दांत लागला, तर हळद-चुना भरण्याच्या भानगडींत न पडतां जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. ह्या कामीं उद्यां म्हणूं नये.

आमचें बोलणें संपल्यावर पुतण्या बराच वेळ चहाचा पेला फिरवीत बसला. मग म्हणाला, "तर मी त्याला पुण्यासच ठेवतों." पुण्यास त्याची जागा दोन खोल्यांची, आणि तो सकाळीं नवाला गेला कीं रात्रीं आठाला येतो. हें आम्हीं बोलून दाखविण्याची पाळी आली नाहीं. तें त्याचें त्यासच उमगलें असावें. तेवढ्यांत सूनबाई प्रथमच बोलल्या. मुलीच्या तोंडांत दूधभाताचा घांस देत, वर न पाहतां त्या म्हणाल्या, "भावजी, पिलूं गोड आहे हो. पण हिला त्याच्याजवळ ठेवून मी भाताचा कुकर उतरावयास आंत जाऊं शकेन का, तेवढें सांगा."

त्यानें उत्तर दिलें नाहीं. मोबाइल खिशांत ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनें तो पुण्यास गेला. पिलूं नेण्याचा रविवार उलटून गेला आहे. विक्रेता आगाऊ रक्कम परत देण्यास का-कूं करीत आहे असें कळतें. बुडाली तर निम्मी आम्ही भरूं, असें आम्हीं त्यास कळविलें आहे. त्यावर अद्याप उत्तर आलेलें नाहीं.